प्रकाशाची हाक

दिवस मावळला आहे, दिवे अजून लागलेले नाहीत, गुरे घराकडे परतत आहेत. अशा वेळेला आपण तिन्हीसांज म्हणतो. तुम्हांआम्हांला ही वेळ रम्य वाटते. थोडे अंधुक दिसते खरे; पण वाटेवरचा दगड दिसतो, समोरून येणारा माणूस ओळखू येतो. परंतु काही माणसांच्या डोळ्यांपुढे याच घटकेला जणू कोणी एकाएकी पडदा सोडतो. अशा एका मुलाची आठवण गेली कित्येक वर्षे माझ्या मनात घर करून राहिली आहे. तिच्यापासूनच या पाठाला आरंभ करतो.

सन १९८९ च्या सुमारास मी तालुक्याच्या एका गावी माध्यमिक शाळेत मराठी शिकवीत असे. सातवीच्या वर्गात एका शेतकऱ्याचा मुलगा होता. धडा त्याने वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा, इतके त्याचे वाचन स्वच्छ आणि भावपूर्ण असे. त्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तालमी शाळा सुटल्यावर पटांगणात चालत. एके दिवशी संध्याकाळी आपला प्रवेश करण्यासाठी तो पुढे आला, तो थेट पाण्याच्या माठावर जाऊन आदळला. माठ फुटला, पाणी सांडले, मुले खो खो हसली. आणि मी ओरडलो, “डोळे फुटले का तुझे?”

तो काही बोलला नाही. खाली बसून चाचपडत चाचपडत खापऱ्या गोळा करू लागला. तो चाचपडत आहे, हे मी पाहिले. परंतु तालमीला उशीर होत होता, म्हणून ते असे का, याचा विचार करण्यास मी थांबलो नाही.

पुढे काही दिवसांनी त्याची आई शाळेत आली. “गुरुजी, दिवेलागण झाली की पोराला घरचा उंबरासुद्धा दिसत नाही,” ती म्हणाली. गावच्या डॉक्टरांना वाटले, हे साधे रातांधळेपण असेल. त्यांनी जीवनसत्त्व ‘अ’ च्या गोळ्या दिल्या, पालेभाज्या खायला सांगितल्या. काही महिने लोटले; गुण आला नाही. मग शहरातील नेत्रतज्ज्ञांनी तपासणी केली आणि रोगाचे नाव सांगितले : रेटिनायटिस पिग्मेंटोसा. हा रोग बहुधा आनुवंशिक असतो आणि जगात सुमारे ४००० माणसांत एकाला होतो. त्यात आधी रात्रीची दृष्टी जाते. मग बाजूचे दिसेनासे होते आणि नळीतून पाहावे तसा समोरचा लहानसा तुकडा तेवढा उरतो. पुढे बहुधा तोही अंधुक होत जातो. या रोगावर त्या काळी उपाय नव्हता.

त्या मुलाच्या डोळ्यांचे भिंग स्वच्छ होते. प्रकाश आत जात होता. मग अडत होते कोठे? या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी आपल्याला दोघांची ओळख करून घ्यावी लागेल : एक निरोप आणणारा, आणि दुसरा तो घेणारा.

निरोप आणणारा म्हणजे प्रकाश. प्रकाश ही एक विद्युच्चुंबकीय लहर आहे, असा सिद्धान्त स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ साली प्रसिद्ध केला. विजेचा आणि चुंबकत्वाचा प्रभाव एकमेकांना जन्म देत देत अवकाशातून पुढे धावतो. त्याचा वेग सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर असतो. अशा लहरींचे कुळ फार मोठे आहे. आकाशवाणीच्या मध्यम लहरी काही शे मीटर लांब असतात. अन्न तापवणाऱ्या सूक्ष्मलहरी सेंटिमीटरांत मोजतात. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरी मात्र अतिशय आखूड : एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले, तर त्यांतील ४०० ते ७०० भागांएवढ्या. अशा एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. ४०० च्या बाजूला जांभळा आणि निळा, ७०० च्या बाजूला तांबडा. जांभळ्याच्या पलीकडे अतिनील किरण व क्ष-किरण, तांबड्याच्या पलीकडे अवरक्त किरण. सारी भावंडे एकाच घरची. फरक काय तो लांबीचा.

परंतु लहर नुसती धावली म्हणून निरोप पोचत नाही. जर्मनीत हाइनरिख हर्ट्‌झ यांनी १८८८ च्या सुमारास अशा लहरी निर्माण करून दाखवल्या, तेव्हा त्या ओळखण्यासाठी त्यांनी तारेचे एक कडे केले होते आणि त्या कड्यात एक बारीकशी फट ठेवली होती. लहर आली की फटीत इवलीशी ठिणगी उडे. पण कड्याचे माप लहरीशी जुळलेले असले, तरच ती नीट उडे. आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात काही मिलिमीटर लांबीच्या लहरी भिंतीआडून पाठवल्या, पलीकडे घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. तेथेही पलीकडच्या बाजूला निरोप घेणारे यंत्र सिद्ध होते, म्हणूनच घंटा वाजली. खोलीतील टेबल, भिंत, पाण्याचा तांब्या यांच्यावरूनही त्याच लहरी गेल्या असतील. पण त्यांना त्याची वार्ता नव्हती. तात्पर्य, हाक कितीही मोठी असो; ती ऐकणारा कान असावा लागतो.

आपल्या शरीरात असा कान आहे काय? आहे, आणि तो प्रथिनाचा बनलेला आहे.

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ, दूध, अंडे आठवते. परंतु प्रथिने हे केवळ अन्न नव्हे. अमिनो आम्ल नावाचे सुमारे २० प्रकारचे मणी निरनिराळ्या क्रमाने ओवून प्रथिनाची माळ तयार होते आणि ती माळ घडी पडून विशिष्ट आकार धारण करते. प्रथिनाचे सारे सामर्थ्य त्या आकारात असते. रक्तातील हीमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते, स्नायूंतील प्रथिने ओढ निर्माण करतात, पेशीच्या पातळ आवरणातील काही प्रथिने द्वारपालाप्रमाणे कोणाला आत घ्यावे आणि कोणाला बाहेर ठेवावे हे ठरवतात. प्रथिनाचा आकार बदलला, की त्याचे काम सुरू होते किंवा थांबते. म्हणजे प्रथिनाशी ‘बोलणे’ याचा अर्थ एवढाच, की त्याचा आकार आपल्याला हवा तेव्हा, हवा तसा बदलणे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. अंडे उकडले म्हणजे त्यातील पांढरा बलक घट्ट होतो. तेथेही प्रथिनाचा आकार बदलतोच. सूक्ष्मलहरींच्या भट्टीतही तेच घडते. परंतु ते बोलणे नव्हे. ते दार फोडणे होय. एकदा उकडलेले अंडे पुन्हा कच्चे होत नाही. अतिनील किरण व क्ष-किरण तर याहूनही प्रखर. ते पेशीतील रेणूंची मोडतोड करू शकतात. खरे बोलणे म्हणजे दारावर हलकेच टकटक करावी, आतल्याने दार उघडावे आणि काम होताच पुन्हा लावून घ्यावे.

आपल्या बहुतेक प्रथिनांना दृश्य प्रकाशाची टकटक ऐकूच येत नाही. डोळ्यातील एका प्रथिनाला मात्र ती उत्तम ऐकू येते. १८७६ साली फ्रांट्स बोल या शास्त्रज्ञाने पाहिले, की अंधारात ठेवलेल्या बेडकाच्या डोळ्यातील पडदा तांबूस असतो आणि उजेडात आणताच त्याचा रंग उडू लागतो. हा रंग ज्या प्रथिनाचा, त्याला पुढे ऱ्होडॉप्सिन म्हणू लागले. ग्रीक भाषेत ‘ऱ्होडॉन’ म्हणजे गुलाब. डोळ्याच्या मागील बाजूस असलेल्या या पडद्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यात मंद उजेडात पाहणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि लख्ख उजेडात रंग ओळखणाऱ्या सुमारे ६० लक्ष शंकुपेशी असतात. ऱ्होडॉप्सिन राहते ते दंडपेशींत.

माणसाच्या ऱ्होडॉप्सिनची माळ ३४८ मण्यांची आहे. पण प्रकाश ऐकणारा खरा कान हा त्यांपैकी कोणताही मणी नव्हे. माळेच्या घडीत रेटिनल नावाचा एक छोटा रेणू अडकवलेला असतो. अंधारात तो वाकलेला असतो. सुमारे ५०० नॅनोमीटर लांबीच्या हिरवट-निळ्या प्रकाशाचा कण त्यावर पडला, की तो ताठ सरळ होतो. या गोष्टीला लागणारा वेळ सेकंदाच्या एक अब्जांशाहूनही कितीतरी कमी असतो. कोंदलेल्या खोलीत कोणी एकदम पाय पसरावेत, तसे हे घडते. भोवतालच्या प्रथिनाला आपली घडी बदलावी लागते. तो बदल शेजारच्या प्रथिनांना कळतो, त्यांच्याकडून पुढच्यांना, आणि शेवटी पेशीची विद्युत्स्थिती पालटते. ही व्यवस्था इतकी तरल आहे, की एका दंडपेशीला प्रकाशाच्या एका कणाचीही चाहूल लागू शकते.

रेटिनल शरीरात तयार होते ते जीवनसत्त्व ‘अ’ पासून. दृष्टिपटलात हे जीवनसत्त्व असते, हे जॉर्ज वॉल्ड यांनी १९३३ मध्ये दाखवले; पुढे दृष्टीच्या रसायनावरील संशोधनाबद्दल त्यांना १९६७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आता पालेभाज्या, गाजर, पपई आणि आंबा यांचा डोळ्यांशी काय संबंध, हे तुमच्या ध्यानात येईल. जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडले, की रेटिनल कमी पडते आणि संध्याकाळी दिसेनासे होते. हे साधे रातांधळेपण वेळीच ओळखले, तर योग्य आहाराने आणि औषधाने बरे होते. माझ्या विद्यार्थ्याचे दुखणे निराळे होते. त्याच्या दृष्टिपटलातील दंडपेशीच हळूहळू मरत होत्या आणि त्यांच्यामागून शंकुपेशीही जाणार होत्या. कानात बोळा असता, तर काढता आला असता. येथे कानच नाहीसा होत होता.

परंतु या रोगात सगळेच नष्ट होत नाही. पूर्वी गावोगावी तारघरे होती. समजा, तारघरातील तारमास्तर निघून गेला. पण खांब उभे आहेत, तारा शाबूत आहेत आणि दूरच्या शहरातील माणूस तार वाचायला बसला आहे. निरोप तरीही जाणार नाही, कारण कळ दाबणारा कोणी नाही. डोळ्याचेही तसेच. प्रकाश घेणाऱ्या पेशी गेल्या, तरी त्यांच्यामागच्या मज्जापेशींपैकी, ज्यांचे सुमारे दहा-बारा लक्ष तंतू मेंदूपर्यंत जातात, पुष्कळशा जिवंत राहतात. त्या निरोपाची वाट पाहत असतात. मात्र प्रकाशाची भाषा त्यांना येत नाही. तार आहे, तारमास्तर नाही.

हा तारमास्तर शेवटी सापडला तो डबक्यात.

साचलेल्या पाण्यात आणि ओल्या मातीत क्लॅमिडोमोनास नावाचे एक हिरवे शैवाल राहते. त्याचा सारा देह एका पेशीचा. एका मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा. त्याला दोन केसासारखी शेपटे असतात आणि एका कडेला नारिंगी ठिपका असतो. या ठिपक्याच्या साह्याने प्रकाशाची दिशा ओळखून ते पोहत जाते : बेताचा उजेड असेल तर त्याच्याकडे, फार प्रखर असेल तर त्याच्यापासून दूर. ना डोळा, ना मेंदू. तरी त्याला उजेड कळतो कसा? जर्मनीतील पेटर हेगेमान यांनी या प्रश्नाचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. एका शैवालाला उजेड कसा कळतो, हे कळून कोणाचे काय भले होणार, असे त्या वेळी कोणी विचारले असते, तर त्याला पटेल असे उत्तर देणे कठीणच होते.

अखेर गेओर्ग नागेल, एर्न्स्ट बामबर्ग आणि हेगेमान यांच्या गटाने २००२ आणि २००३ मध्ये त्या शैवालातील दोन प्रथिनांचे रहस्य उलगडले. त्यांना चॅनेलऱ्होडॉप्सिन असे नाव मिळाले. हे प्रथिन पेशीच्या आवरणात असते; त्यात रेटिनलच असते, परंतु येथे ते आधी सरळ असते आणि प्रकाश पडताच वाकते. आपल्या डोळ्यात निरोप अनेक प्रथिनांच्या हातांतून पुढे जातो; या शैवालात कान आणि दार एकाच प्रथिनात आहेत. प्रकाश पडला, की दार उघडते आणि विद्युत्‌भारित कण पेशीत शिरतात. प्रकाश गेला, की दार मिटते.

मज्जापेशीत निरोप निघतो तोही असाच, विद्युत्‌भारित कण आत शिरल्याने! मग शैवालाचे हे दार मज्जापेशीत बसवले तर? प्रत्येक प्रथिनाचा आराखडा जनुकात लिहिलेला असतो. तो आराखडा पेशीला दिला, तर पेशी ते प्रथिन स्वतः घडवते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड बॉयडन, कार्ल डाइसेरॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मज्जापेशींना हा आराखडा दिला. निळ्या प्रकाशाची लुकलुक केली, की त्या लुकलुकीच्या तालावर मज्जापेशी निरोप धाडू लागल्या. हे संशोधन जर्मन शास्त्रज्ञांच्या सहकार्याने झाले व २००५ साली प्रसिद्ध झाले. पुढल्याच वर्षी, २००६ मध्ये, डेट्रॉइट येथील च्वो-ह्वा पान यांच्या गटाने, प्रकाश घेणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या उंदरांच्या दृष्टिपटलात हेच प्रथिन घालून तेथून प्रकाशाचे संदेश पुन्हा निघू लागल्याचे दाखवले.

मग माणसाची पाळी आली. पॅरिसमधील जोझे-आलॅं साहेल आणि स्वित्झर्लंडमधील बाझल येथील बोटोंड रोस्का यांच्या गटाने केलेल्या उपचाराचा वृत्तान्त २०२१ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाचे वय ५८ वर्षे; ४० वर्षांपूर्वी त्याला हाच रोग झाल्याचे निदान झालेले. उजेड आहे की नाही, याहून अधिक त्याला काही कळत नसे. त्याच्या एका डोळ्यात एका निरुपद्रवी विषाणूमार्फत प्रकाशग्राहक प्रथिनाचा आराखडा पोचवण्यात आला. हे प्रथिन दुसऱ्या एका हरित शैवालातील प्रथिनावरून तयार केलेले होते आणि ते निळ्याऐवजी नारिंगी-पिवळ्या प्रकाशाला साद देत असे. असे का? तर प्रखर निळा प्रकाश दृष्टिपटलाला अपाय करू शकतो. नारिंगी-पिवळा त्या मानाने सौम्य. पण साधा उजेड या प्रथिनाला पुरत नाही. म्हणून त्याला खास चष्मा दिला. चष्म्यातील कॅमेरा समोरचे दृश्य टिपे आणि तेच दृश्य ५९५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने दृष्टिपटलावर उमटवी.

लगेच दिसू लागले नाही. वर्षानुवर्षे मुकी असलेली तार पुन्हा बोलू लागली, तरी ती भाषा मेंदूला नव्याने शिकावी लागते. कित्येक महिन्यांच्या अभ्यासानंतर, एकदा घराबाहेर असताना, त्याला रस्त्यावर पादचाऱ्यांसाठी रंगवलेले पांढरे पट्टे दिसले. पुढे टेबलावर ठेवलेली वही हात लावून दाखवण्याच्या परीक्षेत तो शंभरापैकी ९२ वेळा यशस्वी झाला. लहानशा डबीच्या बाबतीत हे प्रमाण ३६ होते. चष्मा काढला, की हे जमत नसे. त्याला माणसांचे चेहरे ओळखता येत नव्हते, पुस्तक वाचता येत नव्हते. आपण जिला दृष्टी म्हणतो, ती ही नव्हे. परंतु जेथे काहीच दिसत नव्हते, तेथे एक वही दिसली.

मुलांनो, अशी वार्ता ऐकली म्हणजे माणसाचे मन फार पुढे धावते. प्रकाशाने डोळ्यातील पेशीशी बोलता येते, तर मग साऱ्या शरीराशी का बोलता येऊ नये? यासाठी एक सोपा प्रयोग करा. अंधाऱ्या खोलीत विजेरी पेटवून ती तळहाताखाली धरा. विजेरीचा प्रकाश पांढरा आहे, पण बोटांच्या कडा तांबड्या दिसतील. निळा आणि हिरवा प्रकाश रक्त आणि मांस यांनी अडवला. तांबडा तेवढा थोडा पलीकडे आला. डोळा हा बाहेरच्या प्रकाशासाठी उघडा असलेला झरोका आहे. यकृत, हृदय किंवा मेंदूचा गाभा यांना असा झरोका नाही. प्रयोगशाळेतील उंदरांच्या मेंदूपर्यंत प्रकाश न्यायचा, तर बहुधा काचेचा बारीक तंतू आत घालावा लागतो. आकाशवाणीच्या लहरी शरीरातून सहज आरपार जातात. पण आत त्यांना ऐकणारे प्रथिन कोठे आहे? चुंबकीय प्रभावाला साद देणारे प्रथिन लोहसंचय करणाऱ्या फेरिटिनच्या साह्याने बनवल्याचे काही संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. इतर काही प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा त्यांना तो परिणाम मिळाला नाही. विज्ञानात असे घडते. त्यात लाज नाही. पुन्हा करून पाहणे हाच विज्ञानाचा धर्म आहे.

बाजारात मात्र हा धर्म पाळला जात नाही. लहरींनी सर्व रोग बरे करणारे कडे, गादी किंवा पेटी विकणारा कोणी उद्या तुमच्या दारी आला, तर रागावू नका. त्याला फक्त चार प्रश्न विचारा. लहर कोणती? ती शरीरात तेथवर पोचते काय? तेथे तिला ओळखणारा कोण आहे? आणि हे दुसऱ्या कोणी पुन्हा तपासून पाहिले आहे काय? त्या शैवालाच्या प्रथिनाजवळ या चारही प्रश्नांची उत्तरे आहेत. ज्याच्याजवळ ती नसतील, त्याला पैसे देऊ नका. आणि आजारी माणसाचे औषध त्याच्या शब्दावर बंद करू नका.

आता त्या मुलाविषयी सांगून पाठ संपवतो. तो शिकला. ब्रेल लिपी शिकला, पदवीधर झाला, नोकरीस लागला. आज त्याने पंचेचाळिशी ओलांडली आहे. दिवा लागला की विझला, एवढेच त्याला कळते. दिवाळीला तो न चुकता दूरध्वनी करतो. २०२१ च्या दिवाळीत मी त्याला पॅरिसची ही हकीकत वाचून दाखवली. त्याने सारे शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले,

“सर, त्यांना पहिल्यांदा काय दिसलं?”

“रस्त्यावरचे पांढरे पट्टे.”

थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “म्हणजे कुणाचा हात न धरता रस्ता ओलांडता येईल.”

“येईल” असा शब्द माझ्या ओठांवर आला होता. परंतु मी तो उच्चारला नाही. मी त्याला सांगितले, की हा एका माणसाचा एका डोळ्यावरचा प्रयोग आहे; आणखी पुष्कळांवर तो करून पाहावा लागेल; तुझ्या डोळ्यांत त्या पेशी किती उरल्या आहेत, हेही तज्ज्ञांनाच पाहावे लागेल. एकदा त्याच्याशी बोलताना मी घाई केली होती. त्या संध्याकाळी पटांगणात चाचपडणारे त्याचे हात मला काही सांगत होते. निरोप माझ्यापर्यंत आला होता. घेणारा मीच नव्हतो.

“बरं केलंत, सर, खरं सांगितलंत,” तो म्हणाला. “वाट पाहायला मला येतं.” आणि मग हसून त्याने विचारले, “तो माठ शाळेनं नवा आणला होता ना?”

अभ्यास

१. विद्यार्थ्याचे रातांधळेपण जीवनसत्त्व ‘अ’ ने बरे का झाले नाही?

२. ‘तार आहे, तारमास्तर नाही’ हे वाक्य लेखकाने कशाला उद्देशून योजले आहे? त्यातील साम्य स्पष्ट करा.

३. प्रथिनाशी ‘बोलणे’ आणि ‘दार फोडणे’ यांत लेखकाने कोणता भेद दाखवला आहे?

४. माणसाच्या डोळ्यातील ऱ्होडॉप्सिन आणि शैवालातील चॅनेलऱ्होडॉप्सिन यांतील साम्य व फरक सांगा.

५. ‘येईल’ हा शब्द लेखकाने का उच्चारला नाही? त्याने योग्य केले असे तुम्हांला वाटते काय? कारणे द्या.

६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : मनात घर करणे, चाहूल लागणे, गुण येणे, साद देणे.

७. एखादी गोष्ट नीट न पाहता तुम्ही कोणाला बोललात आणि मागाहून तुम्हांला वाईट वाटले, असा प्रसंग दहा-बारा ओळींत लिहा.